अपटेक घटला, पण नेमकं काय घटलं?

प्रश्न

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोटीन कायनेज सी, म्हणजे पीकेसी, हे प्रथिनांना फॉस्फेट लावणारं विकर डोपामिन ट्रान्सपोर्टरवर, म्हणजे बाहेरचं डोपामिन पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनावर (डॅटवर), कसं नियंत्रण ठेवतं, हा माझा विषय. मानवी डॅट असलेल्या एचईके-२९३ पेशींच्या स्थिर लाइनला पीकेसीला जागं करणारं पीएमए १ मायक्रोमोलर, ३० मिनिटं दिलं की अपटेक, म्हणजे डोपामिन आत घेण्याचं प्रमाण, साधारण ३५ टक्क्यांनी घटतो. अपटेक मी २४ वेलच्या प्लेटमध्ये, २० नॅनोमोलर ट्रिशियमयुक्त (किरणोत्सारी) डोपामिन घेऊन, १० मिनिटं करते. बायोटिनिलेशनमध्ये (पृष्ठभागावरच्या प्रथिनांना बायोटिनची खूण लावून मोजण्यात) मात्र पृष्ठभागावरचा डॅट जेमतेम १५ टक्के कमी दिसतो. फॉस्फेट लागण्याच्या जागाच काढून टाकाव्यात म्हणून प्रथिनाच्या एन-टोकाकडची, म्हणजे सुरुवातीची, पाच सेरिन अमिनो आम्लं (२, ४, ७, १२ आणि १३) बदलून तिथे फॉस्फेट न स्वीकारणारी अलानिन घातली. तरीही पीएमए दिल्यावर अपटेक तेवढाच घटतो! सर म्हणतात, म्यूटंट चुकला असेल, तपासून घे. लॅबमधली सीनियर म्हणते, सरळ लिही की फॉस्फोरिलेशनचा (फॉस्फेट लागण्याचा) संबंध नाही. कुणाचं ऐकू? आणि ३५ आणि १५ हे आकडे जुळत का नाहीत?

— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर

म्यूटंट तपासून घ्या हे सरांचं म्हणणं रास्त आहे, पण तो बहुधा बरोबरच निघेल. डॅटच्या एन-टोकाकडची पहिली वीस-बावीस अमिनो आम्लं कापून टाकली की पीकेसीमुळे लागणारं फॉस्फेट जवळपास नाहीसं होतं, आणि तरीही डॅट पेशीच्या आत ओढला जातोच, हे २००३ मध्येच प्रसिद्ध झालेलं आहे. तुम्हाला जे दिसलं ते त्याला धरूनच आहे, तेव्हा प्रयोग फसला असं समजू नका. मात्र सीनियरने सुचवलेलं वाक्यही लिहू नका. तुमच्या प्रयोगातून निघतं ते इतकंच, की या पाच सेरिनवर फॉस्फेट लागलं नाही तरी अपटेक घटू शकतो. पीकेसी पेशीतल्या कितीतरी प्रथिनांना फॉस्फेट लावतं. त्यांतल्या एखाद्याच्या हातून डॅट आत ओढला जात असेल, तर फॉस्फोरिलेशनचा संबंध आहेच. ते डॅटवर झालेलं नाही, एवढंच.

घोळ होतो तो 'अपटेक' या एका आकड्यामुळे. तिकिटाची रांग हळू सरकत असेल तर काही खिडक्या बंद झाल्या असतील, किंवा खिडक्या सगळ्या उघड्या असूनही आतली माणसं सावकाश काम करत असतील. नुसत्या रांगेकडे पाहून यातलं कोणतं कारण खरं हे कळत नाही. पृष्ठभागावर किती डॅट आहेत आणि त्यातला प्रत्येक किती वेगाने डोपामिन आत घेतो, या दोहोंचा गुणाकार तुमच्या काउंटरवर उमटतो. त्यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. एक म्हणजे डॅटला ऊर्जा पुरवणारा सोडियमचा उतार आणि पेशीपटलावरचा विद्युतदाब. दुसरी म्हणजे आत गेलेलं डोपामिन डॅटमधूनच उलट बाहेर येण्याचं प्रमाण. १० मिनिटांच्या मोजणीत हे सगळं एकत्र कालवलं जातं. म्हणून 'पीकेसीने डॅट आत ओढला' आणि 'पीकेसीने डॅट मंदावला' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि दोन्हींसाठी वेगळा पुरावा लागतो.

सुरुवात अपटेकपासूनच करा. एचईके पेशींत डोपामिनसाठी डॅटचा केएम (निम्मा कमाल वेग देणारी तीव्रता) साधारण १ ते ३ मायक्रोमोलर येतो. तो २ मायक्रोमोलर धरला तर तुमचं २० नॅनोमोलर त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकं आहे. एवढ्या कमी तीव्रतेला मिळणारा वेग व्हीमॅक्स (कमाल वेग) भागिले केएम या गुणोत्तरावर अवलंबून असतो. व्हीमॅक्स घटला तरी तो कमी होईल, केएम वाढला तरी कमी होईल, आणि कोणतं झालं हे या एका बिंदूवरून कधीच ठरवता येणार नाही. त्यासाठी पूर्ण वक्र काढावा लागेल. ट्रिशियमयुक्त डोपामिन २० नॅनोमोलरवरच ठेवा आणि त्यात साधं डोपामिन मिसळून ०.१ पासून २० मायक्रोमोलरपर्यंत सात-आठ तीव्रता घ्या. प्रत्येक तीव्रतेला विशिष्ट किरणोत्सार वेगळा असतो. पिकोमोलमध्ये बदलताना तो वेगळा धरायला विसरू नका. अविशिष्ट (डॅटशिवाय होणारा) अपटेकही प्रत्येक तीव्रतेला स्वतंत्र मोजा, डॅट अडवणारं जीबीआर-१२९०९ १० मायक्रोमोलर घालून. सर्वांत कमी तीव्रतेचा अविशिष्ट आकडा सगळीकडे वजा केला तर वक्राचं वरचं टोक सपाट होत नाही आणि केएम भलताच मोठा येतो.

१० मिनिटं हा वेळही मला जास्त वाटतो. हिशेब करा: २५० मायक्रोलिटरमध्ये २० नॅनोमोलर म्हणजे वेलमध्ये एकूण ५ पिकोमोल डोपामिन. पेशींनी त्यातलं अर्धा पिकोमोल खाल्लं की १० टक्के संपलं आणि सुरुवातीचा वेग मोजतोय हे गृहीतक कोसळलं. डॅट भरपूर असलेल्या स्थिर लाइनमध्ये हे लवकर घडतं, आणि कंट्रोल वेलमध्ये जास्त घडतं कारण तिथला डॅट अधिक कामाचा. परिणामी कंट्रोल आणि पीएमए यांतला फरक प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो. शिवाय आत साठलेलं डोपामिन बाहेर यायला लागतं आणि पीकेसी ही उलट वाहतूक वाढवू शकतं, त्यामुळे उशिरा थांबवलेल्या अपटेकमधली काही घट खरं तर गळतीची असते. १, २, ३, ५ आणि १० मिनिटांची मालिका एकदा करा आणि सरळ रेषेच्या टप्प्यातच राहा. बहुधा ३ मिनिटांच्या आत थांबावं लागेल. लाइनमध्ये डॅट फारच जास्त असेल तर वेलमध्ये कमी पेशी लावा.

बफरमध्ये १०० मायक्रोमोलर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल हवंच, नाहीतर डोपामिनचं ऑक्सिडेशन होतं. डोपामिन मोडणाऱ्या विकरांपैकी मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखायला पार्जिलिन १०० मायक्रोमोलर आणि सीओएमटी रोखायला ट्रोपोलोन १० मायक्रोमोलर घाला. आणि एक साधी पण हमखास नडणारी गोष्ट: पीएमएने एचईके पेशींचा आकार बदलतो आणि त्या तळाला कमी घट्ट चिकटून राहतात. तीन वेळा थंड बफरने धुताना पीएमएच्या वेलमधून पेशी वाहून गेल्या, तरी अपटेक 'घटलेला' दिसणारच. प्लेटला पॉली-डी-लायसिनचा लेप द्या, आणि प्रत्येक अटीचे काही वेल किरणोत्साराशिवाय, पण तसेच धुऊन, प्रथिन मोजायला ठेवा. पीएमएच्या वेलमध्ये प्रथिन दहा टक्क्यांनी कमी निघालं तर तुमच्या ३५ मधले दहा तिथेच गेले.

विद्युतदाबाचा मुद्दा सहसा कुणी तपासत नाही, म्हणून तो आवर्जून सांगतो. डॅट एका डोपामिनबरोबर दोन सोडियम आणि एक क्लोराइड आत घेतो. डोपामिनवर स्वतःचा धन भार असतो, म्हणजे प्रत्येक फेरीत निव्वळ दोन धन भार आत जातात. पटल विध्रुवित झालं, म्हणजे आतला ऋण दाब कमी झाला, की ही वाहतूक मंदावते. पीकेसी पोटॅशियमच्या वाहिन्यांवरही काम करतं, त्यामुळे डॅटला हातही न लावता त्याचा वेग कमी होऊ शकतो. यासाठी त्याच पेशींत मूळचाच असलेला, सोडियमवर चालणारा एखादा अमिनो आम्लाचा अपटेक, उदाहरणार्थ अलानिनचा, पीएमए देऊन मोजा. तोही त्याच प्रमाणात घटला तर सावध व्हा. तो जागचा हलला नाही तर उताराचा मुद्दा बराचसा निकालात निघतो.

आता पीएमएबद्दल. सोयीचा पण धसमुसळा पदार्थ आहे हा. तो सी-१ नावाच्या प्रथिनखंडाला चिकटतो आणि असा खंड फक्त पीकेसीत नसतो. पीकेडी, रासजीआरपी, कायमेरिन आणि मंक-१३ यांतही असतो. मंक-१३ तर पुटिका पटलाशी जुळवण्याच्या कामातलंच प्रथिन, त्यामुळे चेतापेशींत पीएमए वापरताना याचं भान जास्तच ठेवावं लागतं. म्हणून परिणाम पीकेसीचाच आहे हे दाखवायला कमीत कमी तीन कंट्रोल हवेत. पीएमए ज्यात विरघळवतात तो डीएमएसओ तेवढाच, ०.१ टक्क्याच्या वर नको. ४-अल्फा-पीएमए, जे रचनेने जवळपास तेच असून पीकेसीला जागं करत नाही. आणि १ मायक्रोमोलर बिसइंडोलिलमॅलिमाइड-१, पीएमएच्या आधी १५ ते ३० मिनिटं. स्टॉरोस्पोरिन इथे वापरू नका, ते इतक्या कायनेजना अडवतं की उत्तराला अर्थ उरत नाही. रोधक एकटा देऊनही अपटेक मोजाच. काही कायनेज-रोधक थेट ट्रान्सपोर्टरलाच अडवतात, आणि मग 'रोधकाने पीएमएचा परिणाम पुसला' असं दिसतं ते फसवं असतं, कारण खालची पातळीच बदललेली असते.

पीएमएचा स्टॉक १ मिलिमोलर, डीएमएसओमध्ये, लहान लहान वाटे करून उणे २० अंशांवर, अंधारात ठेवा. पाण्यात पातळ केलेलं पीएमए प्लास्टिकला चिकटतं, म्हणून कामाचं द्रावण ऐनवेळी करा. १ मायक्रोमोलर ही प्रकाशनांत सगळीकडे दिसणारी मात्रा आहे, पण १० नॅनोमोलरपासूनचा मात्रा-वक्र एकदा काढून ठेवलात तर परीक्षकांचा एक प्रश्न कमी होईल. आणि रात्रभर पीएमए कधीही देऊ नका: काही तासांनी पीकेसीच नष्ट व्हायला लागतं आणि तुम्ही नेमकी उलट स्थिती मोजत बसता. शक्य झालं तर एक प्रयोग पीएमएशिवाय करा. एचईके पेशींत मस्करिनिक एम-३ ग्राही मूळचेच असतात, त्यांना उत्तेजित करणारं कार्बाकॉल देऊन पीकेसी ग्राहीच्या वाटेने जागं करता येतं. परिणाम छोटा येईल, पण पेशीतल्या खऱ्या वाटेचा असेल.

३५ आणि १५ का जुळत नाहीत, याची उत्तरं दोन आहेत आणि त्यातलं पहिलं तुमच्या ब्लॉटमध्ये (प्रथिनाचे बँड दाखवणाऱ्या चाचणीत) दडलेलं असू शकतं. केमिल्युमिनेसन्सचा बँड संपृक्त झाला की प्रथिन तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं तरी बँड जेमतेम दहा-पंधरा टक्के फिका दिसतो. कंट्रोलच्या पृष्ठभाग-नमुन्याचे १००, ७५, ५० आणि २५ टक्के भाग त्याच जेलवर चालवा. १०० आणि ७५ एकसारखे दिसले तर तुमच्या १५ टक्क्यांवर विश्वास ठेवायला जागा नाही; कमी लोड करा किंवा एक्स्पोजर कमी करा. बायोटिनयुक्त प्रथिन धरणारे बीड्सही असेच संपतात. लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) जास्त आणि बीड्स कमी असले तर कंट्रोलमधला बायोटिनयुक्त डॅट पुरता धरला जात नाही, पीएमएमधला धरला जातो, आणि फरक पुन्हा आकसतो. बीड्स काढल्यावर उरलेल्या द्रवात ताजे बीड्स टाकून पाहा. दुसऱ्या खेपेतही डॅटचा ठळक बँड आला तर पहिल्या खेपेत बीड्स अपुरे होते.

खूणगाठ घालण्याची पद्धतही तपासा. सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिन पाण्यात पडताच विघटित होऊ लागतं, म्हणून वजन करून ठेवा आणि पेशींवर घालायच्या क्षणीच विरघळवा. १ ते १.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, बर्फावर, २० मिनिटांच्या दोन खेपा. बफर पीबीएस हवा, ट्रिस नको, कारण ट्रिसमधला अमाइनच बायोटिन पिऊन टाकतो. त्यात ०.१ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड असलं तर पेशी सुटत नाहीत. मग १०० मिलिमोलर ग्लायसिनने उरलेलं बायोटिन निकामी करा. प्लेट बर्फावर ठेवणं आणि ती खरोखर थंड होणं यात फरक आहे. आधी बर्फगार बफरने दोनदा धुवा. पेशी कोमट असताना बायोटिन घातलंत तर खूण लागता लागताच डॅटची ये-जा चालू राहते.

जेलवर चढवण्यापूर्वी नमुना ९५ अंशांना उकळू नका. बारा वेळा पटल ओलांडणारं हे प्रथिन उकळलं की गोळा होऊन विहिरीच्या तोंडाशीच अडकतं, आणि अडकण्याचं प्रमाण दर वेळी वेगळं असतं. डीटीटी असलेल्या बफरमध्ये ३७ अंशांवर अर्धा तास पुरे. एचईके पेशींत परिपक्व, पूर्ण ग्लायकोसिलेशन झालेला मानवी डॅट ८५ ते ९० किलोडाल्टनच्या आसपास दिसतो आणि अपरिपक्व ५५-६० च्या आसपास. पृष्ठभागावर येतो तो परिपक्व. एकूण डॅट मोजताना दोन्ही बँड एकत्र धरले तर पृष्ठभागाची टक्केवारी लाइन किती जोरात डॅट बनवते त्यावर हलते. परिपक्व बँडशीच तुलना करा. पृष्ठभागाच्या भागात पेशीच्या आतलं अ‍ॅक्टिन किंवा कॅलनेक्सिन दिसलं तर पेशी फुटलेल्या होत्या, तो नमुना टाकून द्या. लोडिंगसाठी ट्रान्सफेरिन ग्राही अनेक जण घेतात. पीएमएच्या प्रयोगात तो घेऊ नका, कारण फॉर्बॉल एस्टरने तो स्वतःच आत जाऊ शकतो.

हे सगळं ठीक करूनही घट १५ टक्केच राहिली, तर दुसरं उत्तर खरं आणि ते जास्त महत्त्वाचं. समजा पूर्ण वक्रात केएम तसाच राहून व्हीमॅक्स ३५ टक्क्यांनी घटला. ०.६५ भागिले ०.८५ म्हणजे ०.७६. पृष्ठभागावर उरलेला प्रत्येक डॅट २४ टक्क्यांनी मंदावला आहे. संख्या आणि वेग दोन्ही घटल्या, आणि त्यामागची यंत्रणा एकच असेल असं मानायचं कारण नाही. त्यांना वेगळं करायचा सोपा मार्ग वेळेचा आहे. २, ५, १०, २० आणि ३० मिनिटं पीएमए देऊन दर टप्प्याला अपटेक आणि बायोटिनिलेशन दोन्ही करा. सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरवर रॅटच्या प्लेटलेटमध्ये असंच काम २००५ मध्ये झालं. पहिल्या पाच मिनिटांत पृष्ठभागावरची संख्या जशीच्या तशी होती पण सेरोटोनिनबद्दलची ओढ कमी झाली होती, आणि अर्ध्या तासाला ट्रान्सपोर्टर आत जाऊन क्षमताच घटली होती. फॉस्फेटही आधी सेरिनवर आणि नंतर थ्रिओनिनवर लागलं. तुम्ही फक्त ३० व्या मिनिटाचा फोटो काढला आहे.

आता तुमच्या म्यूटंटकडे. तुम्ही पाच सेरिन बदलली, पण १९, २७ आणि ३५ या जागांवरचे लायसिन शाबूत ठेवले. पीकेसी जागं झाल्यावर डॅटच्या एन-टोकावर याच तीन लायसिनना युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन खुणेसारखं लागतं. ते लावतं नेड-४-२ नावाचं विकर, आणि पीकेसीच्या इशाऱ्यावर डॅट आत ओढला जायला ही खूण लागते. हे तीन लायसिन आर्जिनिनमध्ये बदलले की पीएमएमुळे होणारी आत ओढणी मोठ्या प्रमाणात कमी होते. म्हणजे पीकेसीचा हुकूम डॅटपर्यंत पोहोचण्याची एक वाट तुमच्या म्यूटंटमध्ये पूर्ण उघडी होती. दुसरी वाट अ‍ॅक-१ या टायरोसिन कायनेजची. अ‍ॅक-१ डॅटच्या आत जाण्याला लगाम घालून बसलेलं असतं. पीकेसी जागं झालं की अ‍ॅक-१ निष्क्रिय होतं आणि लगाम सुटतो. रिट-२ हे छोटं जीटीपेज डॅटला जोडलेलं असतं आणि पीकेसीमुळे आत ओढला जाण्यासाठी तेही लागतं, मात्र ते मुख्यतः चेतापेशींचं प्रथिन आहे. तुमच्या एचईके पेशींत त्याच्यावर भिस्त ठेवू नका. या कुठल्याच वाटेला एन-टोकाच्या सेरिनची गरज नाही. तुमच्या पुढच्या म्यूटंटसाठी म्हणूनच माझी पहिली पसंती १९, २७, ३५ आर्जिनिन ही राहील, एकटी आणि पाच अलानिनसोबत, दोन्ही रूपांत.

वेगाच्या भागाला मात्र सेरिनचा संबंध असू शकतो. रॅटच्या डॅटमध्ये सी-टोकाकडच्या ५८० व्या सिस्टीनवर पामिटिक आम्ल चिकटतं, आणि त्याचं नातं ७ व्या सेरिनवरच्या फॉस्फेटशी व्यस्त आहे: एक वाढलं की दुसरं कमी होतं. ७ वं सेरिन काढलं की पामिटॉयलेशन वाढतं आणि व्हीमॅक्सही वाढतो. त्यामुळे तुमचा म्यूटंट पीएमएशिवायच मूळ डॅटपेक्षा वेगवान असू शकतो. 'तेवढाच घटतो' हे तुम्ही टक्क्यांत पाहिलंत. मूळ पातळी पिकोमोल प्रति मिलिग्रॅम प्रति मिनिट अशी मांडून दोन्ही पेशींची तुलना करा, आणि ती पृष्ठभागावरच्या डॅटने भागा. टक्केवारीच्या आड हा फरक सहज लपतो.

म्यूटंट तपासताना संपूर्ण कोडिंग क्रम वाचून घ्या, फक्त बदललेला भाग नको. पीसीआरने भलतीकडे एखादं अक्षर बदललेलं असतं. त्यानंतर फॉस्फेट खरंच लागत नाही ना हे दाखवा. फॉस्फेटरहित माध्यमात पेशींना किरणोत्सारी ऑर्थोफॉस्फेट द्या, शेवटच्या टप्प्यात पीएमए आणि १ मायक्रोमोलर ओकाडाइक आम्ल घाला, आणि इम्युनोप्रेसिपिटेशन करून ऑटोरेडिओग्राफ काढा. ओकाडाइक आम्ल फॉस्फेट काढून टाकणारी पीपी-१ आणि पीपी-२ए ही विकरं रोखतं. ते नसेल तर लायसेट होईपर्यंत बराच फॉस्फेट निघून गेलेला असतो आणि 'फॉस्फोरिलेशन नाही' असा खोटा निष्कर्ष निघतो. म्यूटंटमध्ये थोडा संकेत उरलाच तर दचकू नका. ५३ व्या जागी आणखी एक फॉस्फेटची जागा आहे, आणि ती वेगळ्या प्रकारच्या, प्रोलिनच्या आधीच्या जागा हेरणाऱ्या कायनेजची आहे. तिथे मानवी डॅटमध्ये सेरिन आणि रॅटमध्ये थ्रिओनिन असतं, म्हणून रॅटच्या थ्रिओनिन-५३ साठी बनवलेली अँटिबॉडी तुमच्या मानवी डॅटवर सरळ वापरू नका. अलानिनच्या जोडीला अ‍ॅस्पार्टेटचा म्यूटंटही करायचा विचार असेल तर एक ध्यानात ठेवा: अ‍ॅस्पार्टेटवर एक ऋण भार असतो, फॉस्फेटवर जवळपास दोन. नक्कल अर्धवटच होते, त्यामुळे अ‍ॅस्पार्टेटने काहीच बदललं नाही तर त्यावरून नकारार्थी निष्कर्ष काढू नये.

प्रबंधात आता काय लिहायचं? 'सेरिन २, ४, ७, १२ आणि १३ यांवरील फॉस्फोरिलेशन पीएमएमुळे होणाऱ्या अपटेकच्या घटीसाठी आवश्यक नाही.' इतकंच, आणि तेही कंट्रोल पूर्ण झाल्यावर. हे एचईके पेशींपुरतं खरं आहे हेही त्याच परिच्छेदात यायला हवं. चेतापेशीत डॅटच्या शेजारी सिंटॅक्सिन-१ए असतं, डी-२ ग्राही असतात, आणि डी-२ जागे झाले की ईआरके या कायनेजच्या वाटेने पृष्ठभागावरचा डॅट उलट वाढतो. तिथे पीकेसी एकटं नसतं.

आणि हा म्यूटंट बाजूला ठेवून देऊ नका. नेमकी हीच पाच सेरिन अलानिन केली की अपटेक चांगला राहतो पण अ‍ॅम्फेटामिनमुळे डॅटमधून बाहेर पडणारं डोपामिन खूप घटतं, आणि त्यांच्या जागी अ‍ॅस्पार्टेट घातलं की ते परत येतं, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. पुढे २००६ मध्ये दिसलं की कॅल्शियम-कॅल्मोड्युलिन कायनेज-२ चं अल्फा रूप डॅटच्या सी-टोकाला जोडून घेतं आणि एन-टोकाकडच्या सेरिनना फॉस्फेट लावून ही उलट वाहतूक सुकर करतं. पीकेसीचं बीटा रूपही त्यात भाग घेतं. म्हणजे डोपामिन आत घेण्यासाठी नको असलेलं फॉस्फेट ते बाहेर सोडण्यासाठी हवं असतं. तुम्ही शोधत होतात तो परिणाम अपटेकच्या प्लेटमध्ये दिसणारच नव्हता.

तो पाहायला पेशींत डोपामिनऐवजी ट्रिशियमयुक्त एमपीपी+ (डॅटमधूनच आत जाणारा पदार्थ) भरा, ते कमी गळतं आणि त्याचं विघटन होत नाही. ०.१ मायक्रोमोलर, ३७ अंशांवर २० मिनिटं. मग पेशींवरून मिनिटाला साधारण ०.७ मिलिलिटर या गतीने बफर वाहू द्या, गळती स्थिर होईपर्यंत थांबा, आणि दोन-दोन मिनिटांचे नमुने गोळा करा. तीन नमुने पायाभूत पातळीसाठी, त्यानंतर ५ मायक्रोमोलर अ‍ॅम्फेटामिन घालून पाच नमुने. शेवटी पेशी १ टक्का एसडीएसमध्ये विरघळवा आणि प्रत्येक नमुना त्या क्षणी पेशीत उरलेल्या ट्रिशियमच्या टक्केवारीत मांडा. नाहीतर जास्त भरलेल्या वेलमधून जास्त बाहेर आलं एवढंच दिसेल. कॅल्मोड्युलिन कायनेजचा भाग तपासायचा तर तिचं अल्फा रूप एचईकेमध्ये सोबत व्यक्त करा, आणि रोधक म्हणून केएन-९३ वापरताना निष्क्रिय जोडीदार केएन-९२ बाजूला ठेवाच. काही वेलमध्ये अ‍ॅम्फेटामिनच्या आधी जीबीआर-१२९०९ घाला. तरीही ट्रिशियम वाढत राहिलं तर ते डॅटमधून येत नाही आणि ती वाढ एकूण आकड्यातून वजा करावी लागेल.